कोकणात थरोब्रेड घोडा घ्यायचा आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीच्या बाजूला आमच्या वाडीत रेसमधून निवृत्त झालेले दोन घोडे आहेत. ओहोटीच्या वेळी कुणी त्यांचा फोटो काढला, की आठवडाभर माझा फोन वाजत राहतो. विचारणारे निराळे, प्रश्न बहुतेक तेच. म्हणून ते एकदाच लिहून काढले. प्रश्न ज्या शब्दांत आले तसेच ठेवले आहेत.

१. थरोब्रेड म्हणजे उंची जातीचा कुठलाही घोडा ना?

नाही. मारवाडी, काठेवाडी तशी थरोब्रेड ही एक ठराविक जात. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडचे तीन घोडे इंग्लंडात गेले: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. आजच्या प्रत्येक थरोब्रेडच्या बापाकडची वंशावळ या तिघांपैकी एकाशी जाऊन थांबते. तिकडची वंशनोंदवही १७९१ पासून छापली जाते.

उंची साधारण साडेपंधरा ते साडेसोळा हात. हा 'हात' म्हणजे चार इंच, आणि माप खांद्याच्या उंचवट्यापर्यंत घेतात, डोक्यापर्यंत नाही. म्हणजे पाच फूट दोन इंच ते साडेपाच फूट. वजन ४५० ते ५५० किलो. माथेरानचं तट्टू डोळ्यांसमोर ठेवून कुणी चौकशी करत असेल, तर त्याने आधी एकदा थरोब्रेडशेजारी उभं राहून बघावं.

२. मग मारवाडी किंवा साधं तट्टू घेतलं तर काय बिघडलं?

काहीच नाही. पहिलाच घोडा असेल तर मी तेच सुचवतो. थरोब्रेडची कातडी पातळ, खूर नाजूक, डोकं तापट आणि पोट हळवं. तरीही ज्यांना तोच हवा आहे त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

३. मिळतो कुठे? सारंगखेड्याच्या बाजारात मिळेल का?

सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा एकदा पाहावीच, पण तापीकाठच्या त्या बाजारात मुख्यतः मारवाडी, काठेवाडी आणि पांढरे नुकरे घोडे असतात. थरोब्रेडचा उगम मुंबईचा महालक्ष्मी रेसकोर्स, पुण्याचा रेसकोर्स आणि पुण्याच्या आसपासचे स्टड फार्म. शर्यतीत जो कमावत नाही, त्याला मालक फार दिवस पोसत नाहीत. चार-पाच वर्षांचं, अंगाने धडधाकट जनावर त्यामुळे मोकळं होतं. त्यातले काही घोडे रायडिंग स्कूलमध्ये जातात, काही दलालांच्या हाती पडतात.

दलालाकडून घेऊ नका असं मी म्हणणार नाही. माझा दुसरा घोडा तसाच आला. पण ट्रेनरला किंवा आधीच्या मालकाला एकदा तरी भेटा आणि विचारा, 'हा धावायचा का थांबला?' 'स्लो होता' हे चांगलं उत्तर आहे. 'पाय थोडा गरम व्हायचा' हे उत्तर आलं, की प्रश्न ६ वाचा.

४. कोणत्या महिन्यात घ्यावा? एप्रिलमध्ये स्वस्त मिळतात म्हणे.

मिळतात खरे. मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, आणि हंगाम संपला की मालक आपापली दावण कमी करतात. आपल्याकडचे लोक तेव्हा घोडा आणतात, मे महिना कौतुकात जातो आणि मिरगाबरोबर रडारड सुरू होते.

मुंबईची रेसच पावसाळ्यात मुंबईत होत नाही, हे लक्षात घ्या. जुलै ते ऑक्टोबर ती घाटावर, पुण्याला असते. पैसा, डॉक्टर, तबेले, माणसं सगळं दिमतीला असलेले लोकही किनाऱ्यावरच्या पावसाशी पंगा घेत नाहीत. आणि आपण तोच घोडा तोंडावर आलेल्या पावसात त्याहून ओल्या मुलखात आणतो.

दिवाळीनंतर आणा. सड्यावरचं (कातळ पठारावरचं) गवत तोवर कापून वाळलेलं असतं, हवा बरी असते, आणि घोड्याला नवी जागा, नवं पाणी, नवी माणसं अंगवळणी पाडायला सहा-सात महिने मिळतात. एप्रिलमधला सौदा फारच मनात भरला असेल तर पैसे देऊन टाका, पण दिवाळीपर्यंत घोडा घाटावरच कुणाच्या तबेल्यात भाड्याने ठेवा.

५. कागदपत्रं कोणती बघायची?

भारतातल्या थरोब्रेडची नोंद पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते. घोड्याचा पासपोर्ट असतो. त्यात आई-बाप, जन्मतारीख, रंग आणि अंगावरच्या खुणांचं चित्र असतं. कपाळावरचा तिलक, पायांतले पांढरे मोजे, भोवरे, सगळं त्या चित्राशी ताडून बघा. मानेत मायक्रोचिप असेल तर डॉक्टरकडच्या यंत्राने नंबर वाचून घ्या. पुष्कळ घोडे 'पुन्हा शर्यतीत उतरवणार नाही' या अटीवर दिले जातात; ती अट लेखी असू द्या.

कागद नसलेला घोडा बसायला तितकाच चांगला असू शकतो. फक्त त्याला थरोब्रेड म्हणून जादा पैसे मोजू नका. पैदाशीचा विचार असेल तर प्रश्न १७ पाहा.

६. घेण्याआधी तपासणी कोणाकडून आणि कशाची करायची?

डॉक्टर तुमचा हवा, विकणाऱ्याचा नको. आणि त्याच्या हाताखालून रोज घोडे जात असले पाहिजेत. या एका फीमध्ये काटकसर करू नका.

रेसच्या घोड्याचं सगळं आयुष्य त्याच्या पुढच्या पायांवर लिहिलेलं असतं. दोन वर्षांचा असताना, हाडं पुरती पक्की व्हायच्या आत, त्याला पळवायला सुरुवात होते. गुडघ्याखाली मागच्या बाजूची शीर (टेंडन, रक्तवाहिनी नव्हे) दोन बोटांत धरून वरून खाली हात फिरवा. ती ताणलेल्या दोरीसारखी सरळ आणि थंड लागली पाहिजे. मध्येच धनुष्यासारखा फुगवटा असेल, तर ती शीर कधीतरी तुटलेली आहे. अशी शीर भरून येते, पण पुळणीतल्या मऊ वाळूत पुन्हा जायला वेळ लागत नाही. गुडघ्याचा आणि घोट्याचा एक्स-रे काढा. कठीण जमिनीवर, सैल दोरीने, सरळ रेषेत दुडका चालवून बघा. लंगडा घोडा दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर उचलतो.

दात बघून वय पडताळा. डोळ्यांवर एकेक करून उजेड पाडा. धावल्यावर नाकातून रक्त येत होतं का, हे स्पष्ट विचारा. शर्यतीच्या घोड्यांत फुफ्फुसात रक्तस्राव सर्रास होतो, नाकातून दिसण्याइतका मात्र कमी वेळा.

आणि खोडी. सकाळी न सांगता तबेल्यात जा. दाराची फळी दातांत धरून हवा गिळतोय का? एका जागी उभा राहून डोलतोय का? या खोडी कोंडून ठेवल्याने लागतात आणि सहसा सुटत नाहीत. आमचा थोरला डोलतो. मला ते सौदा झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं, कारण मी बघायला गेलो तेव्हा त्याला मुद्दाम बाहेर काढून ठेवलं होतं.

७. रक्ताची तपासणी कशाला? घोडा तर ठणठणीत दिसतो.

दोन रोगांसाठी. पहिला ग्लँडर्स. तो माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे आणि पक्कं निदान झालं तर घोडा मारून टाकावा लागतो. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून तपासले जातात. तुमच्या आणि मोतद्दाराच्या (घोड्याची निगा राखणाऱ्याच्या) जिवासाठी ही तपासणी टाळू नका.

दुसरा सर्रा. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या हा रोग एका जनावरातून दुसऱ्यात नेतात, आणि पावसाळ्यात व त्यानंतर आपल्याकडे त्या माश्यांना तोटा नाही. ताप येतो-जातो, पोटाखाली व पायांवर सूज येते, खाऊनपिऊन घोडा वाळत जातो. वेळेत कळला तर औषध आहे.

८. भोवरे अशुभ असतील तर घोडा घेऊ नये, हे खरं का?

घरातल्या वडीलधाऱ्यांना बरं वाटावं म्हणून बघायचे तर बघा. भोवऱ्याने कुणाचा घोडा लंगडलेला मी पाहिला नाही. मात्र तोच भोवरा ओळख पटवायला पक्की खूण असतो, म्हणून पासपोर्टात तो काढलेला असतो (प्रश्न ५).

९. किंमत किती? आणि महिन्याचा खर्च?

किंमतीचा आकडा मी सांगत नाही. तीच वंशावळ असलेले दोन घोडे, एक लाखात आणि एक 'फक्त घेऊन जा' म्हणत मिळालेला, मला माहीत आहेत. घोडं पेंड खातं ते खर्चाच्या बाजूला. त्याचा हिशेब वजनातच मांडा. पाचशे किलोच्या घोड्याला रोज ८ ते १० किलो वाळकं गवत, म्हणजे वर्षाला सव्वातीन टनांच्या घरात. तीन किलो चंदी (दाणा) धरली तर वर्षाला अकराशे किलो. नाल वर्षातून नऊ-दहा वेळा. जंताचं औषध, धनुर्वात आणि रेबीजच्या लशी. वर एका माणसाचा पूर्ण पगार. 'आपला गडी बघेल गुरांबरोबर' हे दोन महिने चालतं.

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन आपल्या चौलच्या बंदरात उतरला होता. जुन्नरच्या अंमलदाराने तो काढून घेतला, रदबदली होऊन परत मिळाला, आणि बीदरला विकला जाईपर्यंत त्याला तो वर्षभर पोसावा लागला. त्याने खर्च लिहून ठेवला आहे तो या पोसण्याचा.

१०. भाताचा पेंढा भरपूर आहे. तोच घातला तर?

पोट भरेल, पोषण होणार नाही. पेंढ्यात वाळूसारखी सिलिका भरपूर आणि प्रथिनं नावाला. गाय रवंथ करून त्यातून काही काढते, घोड्याला रवंथ नाही. नुसत्या पेंढ्यावर, त्यातही पाणी कमी प्यायला, तर आतड्यात गोळा बसतो. अंथरायला पेंढा उत्तम. खायला सड्यावरचं गवत, आणि जमेल तसा घाटावरून वाळवलेला लसूणघास.

खरी अडचण साठवणीची. आपण तांदूळ, मिरची, लाकूडफाटा यांची बेगमी करतो तशी गवताची करावी लागते, जून ते ऑक्टोबर पुरेल इतकी. बाहेर रचलेली उडवी गुरांना चालते. वरचं कुजकं बाजूला सारून आतलं घालतात. घोड्याला बुरशीचा वाससुद्धा चालत नाही. खोकला लागतो, नाहीतर पोट दुखतं. गवत चिऱ्यांवर फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर दूर, पक्क्या छपराखाली ठेवा. पहिल्या वर्षी मी ताडपत्रीवर भरवसा ठेवला आणि ऑगस्टमध्ये निम्मी गंज खतात गेली.

चंदीत ओट, सातू, भिजवलेले चणे चालतात. कोंडा बेताने. नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याच्या अंगातलं कॅल्शियम घटतं, तोंडाची हाडं फुगतात, पाय धरतात. कोंबडीखाद्य किंवा गुरांची तयार पेंड मात्र चुकूनही नको. कोंबडीखाद्यात आणि काही पशुखाद्यांत मोनेन्सिन हे औषध असतं. कोंबडीला आणि गुरांना ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं. शेजारी पोल्ट्री असेल तर पोती वेगळ्या खोलीत आणि कुलपात ठेवा.

कुंपणाला कण्हेर असेल तर घोडा यायच्या आधी मुळासकट काढा. मूठभर पानंही पुरतात. एरंड आणि घाणेरीही तशीच काढा.

११. पावसाळ्यात नेमकं काय होतं? गोठ्याला लागून पडवी आहे, ती चालेल?

पडवी चालणार नाही. निदान १२ बाय १२ फुटांची मोकळी खोली हवी, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा हात-दीड हात उंच जोत्यावर. जांभ्याचे चिरे आणि कौलं हे आपलं जुनं गणितच सगळ्यात चांगलं. पत्र्यावर आषाढातला पाऊस कोसळतो तेव्हा आत माणूस बधिर होतो, घोडा तर भिंतीला धडका देतो. नैर्ऋत्येकडून पावसाला आडोसा म्हणून झड लावा, पण हवा कोंडू देऊ नका. किनाऱ्याजवळ पक्कं बांधकाम करायचं तर सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम लागू होतात. तबेला आहे म्हणून सूट नाही, आधी ग्रामपंचायतीत विचारा.

सतत ओल्यात उभं राहिलं की खुराच्या तळव्यातला मऊ भाग सडतो, काळं आणि घाण वासाचं पाणी येतं. पाठीवर आणि घोट्यांवर खपल्या धरतात, त्या ओढल्या की केस झुबक्याने निघतात. उपाय औषधापेक्षा कोरडेपणाचा: रोज खूर कोरून स्वच्छ करणं, कोरडं अंथरूण, पाऊस उघडला की बाहेर. चार महिने कोंडलेला थरोब्रेड माणसालाही डोकेदुखी होतो. म्हणून जांभ्याची भुकटी टाकून दाबलेलं, पाणी न साठणारं छोटं रिंगण केलं तर पैसे वसूल.

१२. घोड्याला घामच येत नाही. चांगलंच ना, कमी थकतो?

हा फोन दर मे महिन्यात येतो. चांगलं मुळीच नाही. दमट उष्ण हवेत आलेल्या काही घोड्यांची घाम येण्याची क्रियाच मंदावते. अंग कोरडं, धाप लागलेली, नाकपुड्या फुललेल्या, आणि ताप चढत जातो. काम ताबडतोब थांबवा, सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत राहा, डॉक्टरला कळवा. पुढे त्याचं काम पहाटे किंवा अजिबात नाही. काही घोड्यांना किनारा मानवत नाही आणि त्यांना घाटावर परत पाठवणं हाच इलाज उरतो. मीठ आणि स्वच्छ पाणी रोज समोर हवंच. घोडा दिवसाला ३० ते ५० लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात जास्त.

१३. नालबंद मिळतो का आपल्याकडे?

बैलांना पत्री मारणारे मिळतात, ते वेगळं काम. थरोब्रेडच्या खुराची भिंत पातळ असते, खिळा रेघभर आत गेला की घोडा लंगडला. आम्ही पाच-सहा घोडेवाल्यांनी मिळून मुंबईकडचा एक नालबंद लावला आहे. दर पाच-सहा आठवड्यांनी तो येतो आणि सगळ्यांकडे फिरतो. नालबंद ठरल्याशिवाय घोडा ठरवू नका.

१४. रात्री घोड्याचं पोट दुखायला लागलं तर? तालुक्याला डॉक्टर आहेत.

आहेत, आणि त्यांचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पण ते दिवसभर गाई-म्हशी बघतात. घोडा आणल्याच्या पहिल्या आठवड्यातच त्यांना घरी बोलावून घोडा दाखवा. सरकारी फिरत्या पथकाचा नंबर १९६२. मोठ्या उपचारांची ठिकाणं म्हणजे परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ पासूनचं, आणि घाटावर शिरवळचं. दोन्ही लांब. अंतराचा हा धोका पत्करूनच इथे घोडा ठेवायचा असतो.

पोटशुळाची लक्षणं: कुशीकडे वळून बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, पुन्हा पुन्हा लोळणं, घाम, लीद बंद. खाणं काढून घ्या, फोन करा, तोवर हळूहळू चालवा. बैलाला पाजतात तसं नळकांडीने तेल किंवा काढा पाजू नका. तो फुफ्फुसात जातो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं परत येणार नाही हेही लक्षात असू द्या.

१५. पुण्याहून आणताना कोणता घाट बरा?

अंतर कमी म्हणून ताम्हिणी किंवा वरंध घेतात. मी खोपोली-पेणवरून महामार्गाला लागून माणगावला उतरतो. वेळ जास्त, पण वळणं कमी. चिपळूणला कुंभार्ली आणि रत्नागिरीला आंबा घाटाने उतरता येतं. उतारावर ब्रेक लागला की घोड्याचं सगळं वजन पुढच्या पायांवर येतं, म्हणून ड्रायव्हर घोडे वाहून नेणाराच हवा. सोबत मोतद्दार, पायांना पट्ट्या, तळाला रबरी चटई, समोर गवताची जाळी. डॉक्टरांचा प्रवासयोग्यतेचा दाखला कायद्यानेच लागतो. रात्री निघा, सकाळी पोचा. उतरल्यावर दोन दिवस फक्त गवत-पाणी, चंदी नाही.

१६. काशीद-अलिबागसारख्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारून खर्च निघेल का?

तिथले घोडे शांत तट्टू असतात, आणि ते बरोबर आहे. थरोब्रेडला शिकवलेलं असतं की लगाम ताणला म्हणजे जोर लावायचा. अनोळखी माणूस घाबरून लगाम ओढतो आणि घोडा आणखी जोरात सुटतो. मागे कुत्री, समोर लाटा, डोक्यावर पॅराशूट. फेऱ्यांसाठी स्थानिक परवानगी लागते ते वेगळंच, आणि लंगडं जनावर कामाला लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

स्वतःसाठी किनारा उत्तम. ओहोटीला उघडी पडलेली ओली, घट्ट पुळण निवडा, कोरडी मऊ वाळू टाळा. समुद्रात उभं केल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा. वाळूवर चारा टाकू नका. गवताबरोबर वाळू पोटात जाते, पुढचं प्रश्न १४ मध्ये आहे.

१७. घोडी घेऊन पैदास केली तर?

थरोब्रेड म्हणून शिंगराची नोंद हवी तर दोन्ही बाजूंचे कागद लागतात, आणि गर्भधारणा नैसर्गिकच व्हावी लागते. कृत्रिम रेतन या जातीत मान्य नाही. नोंद नसलेल्या शिंगराला गिऱ्हाईक नाही. घरी बसायला खच्ची केलेला घोडा सगळ्यात सोपा. अंडील घोडा वाडीत आणूच नका.

१८. शिमग्याला पालखीपुढे किंवा भाच्याच्या वरातीला नेता येईल?

ढोल, फटाके आणि ज्याला उभं राहायला कधी शिकवलंच नाही असा घोडा! नको. वरातीला शिकवलेली घोडी भाड्याने आणा. शिमग्यात आमच्याकडे पालखी दारात येते तेव्हा दोन्ही घोडे आत, दारं बंद, समोर गवत, आणि मोतद्दार त्यांच्याजवळ.

१९. एकटाच घोडा राहील का?

कुढतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर शेळी ठेवा. आमच्या थोरल्याची शेळी आहे आणि तिच्याशिवाय तो गाडीत चढत नाही.

२०. नाही जमलं तर परत देता येतो का?

सौदा करतानाच हे लेखी घ्या: तपासणीत लपवलेलं काही निघालं तर अमुक दिवसांत परत. पावसाळ्याच्या मध्यावर घ्यायला कुणी तयार होत नाही. जमत नाही असं जानेवारीत कळलं तर फेब्रुवारीत रायडिंग स्कूलना विचारायला लागा. कागद, लशींची नोंद आणि एक्स-रे जपून ठेवलेले असतील तर घोड्याला बरं घर मिळतं. माझ्याकडे विचारणा करायची असेल तर सोबत पुढच्या दोन्ही पायांचे, समोरून आणि बाजूने काढलेले, उजेडातले फोटो पाठवा. आयाळ उडतानाचे नकोत.